कुलूपरावांच्या लेकीचा रिपोर्ट

आमच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात त्यांना सगळे कुलूपराव म्हणायचे, तेही तोंडावर. प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरून रक्ताचे रिपोर्ट ओढून आणणारा प्रोग्राम त्यांचा. एका वेळी एकच फाइल उतरवायची, तोवर बाकीच्यांना कुलूप, हा त्यांचा नेम. कारण उतरताना प्रत्येक फाइल एकाच तात्पुरत्या नावाखाली यायची आणि पूर्ण झाल्यावरच तिला पेशंटचा नंबर मिळायचा.

"अहो, चार-चार एकदम उतरवा की! वॉर्डवाले फोन करून माझं डोकं खातात," मी करवादायचे.

"एका म्यानात चार तलवारी घालतेस होय?" ते शांतपणे म्हणायचे. त्या शांतपणाचाच मला संताप यायचा.

त्या दिवशी रांगेत त्यांच्या लेकीचा रिपोर्ट होता. पोर तापानं फणफणलेली, हातापायांवर जांभळे डाग. खाली बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. ठेवून घ्यायचं की घरी सोडायचं, ते रिपोर्ट पाहून ठरवू, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. इकडे फायली तुंबलेल्या. कुलूपराव उठत होते, बसत होते. शेवटी त्यांनी कुलूप काढलं आणि फायली एकदम सोडल्या. तात्पुरतं नाव मात्र तेच राहिलं. टोमणा माझ्या अगदी जिभेवर आला होता, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी तो गिळला.

रांग भराभर सरली. लेकीचा रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी औषध देऊन घरी सोडलं. "उगाच जीव टांगणीला लागला होता बघ," म्हणत कुलूपराव माझ्यासमोर लहान मुलासारखे रडले. मलाही भरून आलं.

दुपारी वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. "अहो, पाय मुरगळला म्हणून आलेले आजोबा इथे गप्पा छाटतायत, आणि तुमचा रिपोर्ट म्हणतो, यांना तातडीनं रक्त चढवा!"

मला हसू आलं. कुलूपराव हसले नाहीत. त्यांनी थेट प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर जाऊन लेकीची मूळ फाइल उघडली. आजोबांच्या नावाखाली आलेले आकडे तिचे होते. दोन फायली एकाच वेळी एकाच नावाखाली उतरल्या होत्या आणि एकीचं डोकं दुसरीच्या धडावर बसलं होतं.

त्यांच्या घरचा नंबर मीच लावला आणि स्पीकर चालू केला.

"तिला उठव! आत्ताच्या आत्ता इकडे घेऊन ये!"

"अहो, ओरडताय काय?" बायको दबक्या आवाजात म्हणाली. "सकाळपासून तळमळत होती, आता कुठे शांत झोपलीय. औषधासाठी मघाशी हलवलंसुद्धा मी, पण डोळाच उघडेना. म्हटलं, झोपू दे."