थर्मासमध्ये चहा नाही

पेडणेकर काका गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, आणि रडता रडताच म्हणाली, "ताई, बाबांचा थर्मास तुम्हाला द्यायचाय. तेच सांगून गेलेत." मला आधी हसू आलं... मग रडू.

मुलुंडच्या आमच्या लॅबमध्ये काका जुने टेक्निशियन. शिक्षण दहावी. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, तीही मायक्रोबायोलॉजीची, आणि हे मी येता-जाता सांगायचे. आजही सांगते. पहिल्याच दिवशी त्यांच्या हिरव्या थर्मासकडे बघून मी म्हटलं, "काका, घोटभर चहा?" ते म्हणाले, "आत बर्फ आणि रक्त आहे. साखर किती टाकू?"

आमच्या पेशंट, घाटकोपरच्या शोभाताई ब्लाउज शिवायच्या. त्यांना ल्युपस होता. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात. जंतू दिसला की एक दुसऱ्याला उठवतं आणि सगळी मिळून त्याला भोकं पाडतात. ल्युपसमध्ये शरीर स्वतःलाच शत्रू समजतं, मग ही फौज घरातच खर्ची पडते. म्हणून तिच्यात किती दम उरलाय ते तपासायचं. हे सगळं मला पाठ होतं. तरी त्यांच्या सीरमची नळी टेबलावर विसरून मी डबा खायला गेले, आणि परत येऊन तीच गुपचूप मशीनला लावली. आकडा धाडकन खाली. रिपोर्ट बघून डॉक्टर स्टिरॉइड वाढवणार म्हणाले. लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर... शोभाताई फोनवर म्हणाल्या, "म्हणजे फोटोत माझं तोंड टम्म पुरी."

मग मात्र मला राहवेना. काकांना नळीचं सांगितलं.

"कॉम्प्लिमेंट म्हणजे बोंबील असा गो. बर्फाभायर काढलो की गेलो. पुस्तकात नव्हतं?"

"होतं."

"मग चल. डॉक्टरांना मी फोन करतो. शोभाताईंना तू सांगायचं, समोर उभं राहून."

सांगितलं. शोभाताईंनी बाही वर केली. "घे. या वेळी जेवून आलीस ना?" काका भिंतीला टेकून हसत होते.

रक्त गोठलं तशी नळी थर्मासमध्ये गेली. नवा आकडा कमीच होता, पण त्यांच्या नेहमीइतका. गोळ्या वाढल्या नाहीत. लग्नाच्या फोटोत शोभाताई जशा होत्या तशा आहेत, शेजारी जिलबी धरलेले काका.

आता तो थर्मास माझ्या टेबलावर असतो, हिरवा रंग बराचसा उडालेला. परवा नव्याने लागलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, घोटभर चहा?" साखरेचं काहीतरी बोलणार होते, पण काकांसारखं जमेना... थर्मास तिच्या हातात दिला. म्हटलं, "आधी बर्फ भर. मग तुला माझी एक चूक सांगते."