कारण अस्पष्ट

चहा निवण्याआधी माझा मूर्खपणा सांगून टाकते; निवल्यावर धीर होणार नाही.

गंगाखेड तालुक्यातल्या एका शाळेत मी मराठी शिकवते. मुलींसाठी आलेले सॅनिटरी पॅड माझ्या कपाटात, किल्ली माझ्या पिशवीत आणि नियमही माझाच: कारण स्पष्ट लिहून अर्ज द्यावा, पॅड न्यावे. लाज मोडायची ती शब्दानेच, हा माझा सिद्धान्त! वर्षभरात एकही अर्ज आला नाही.

अर्ज येत ते घरी जाण्याचे. नववीतल्या शीतलचा तर दर महिन्याला.

"कारण?"

"पोट दुखायलंय, मॅडम."

"नेमका शब्द लिही."

ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राही. मला का कळत नव्हते? पण तो शब्द मला कागदावर हवा होता ना! मी लाल शाईने शेरा मारी: 'कारण अस्पष्ट.' मग ती न सांगताच चार दिवस गैरहजर.

एके दिवशी तिची आई आली. "महिन्याला चार दिवस घरीच बसायचं तर शाळा कशाला, म्हणायलेत हिचे पप्पा. दाखला देऊन टाका, मॅडम."

"मला दोन दिवस द्या," एवढेच मला सुचले.

आणि दुसऱ्याच दिवशी, भर तासाला, माझीच वेळ आली! किल्ली परभणीला, घरी, दुसऱ्या पिशवीत.

"मॅडम, मागं वळू नका," शीतल कुजबुजली. आपली ओढणी माझ्या कमरेभोवती गुंडाळून तिने मला बाहेर नेले. व्हरांड्यातल्या फुटक्या हार्मोनियमच्या खोक्यातून कागदात गुंडाळलेले पॅड काढले.

"हे कुठले?"

"आमी घरून एकेक आणून ठेवतो. सरलं की घरी जातो."

आणि माझे कपाट गच्च भरलेले!

पुढे किल्ली मी तिच्याच स्वाधीन केली. तिच्या घरीही जाऊन आले, दाखला टळला. पण त्या दुपारचे राहिलेच की. साडी खराब झालेली, अर्ध्या दिवसाची रजा हवी. मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला बसले. 'महोदय' शुद्ध, 'विषय' शुद्ध. कारणापाशी मात्र लेखणी थबकली ती थबकलीच. शेवटी काहीतरी लिहिले आणि अर्ज शीतलच्या हाती दिला.

तिने तो वाचला, ओठ घट्ट मिटले, आणि मग न राहवून म्हणाली,

"मॅडम, पोटदुखी? कारण अस्पष्ट हाय."