डबा हवा आहे

भाजीच्या क्रेटवर आडवा हात ठेवून ते आधी विचारायचे, “काल काय जेवलात?” उत्तर मिळाल्याशिवाय तो हात हलत नसे. वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत आमच्या सोसायटीच्या गेटवर ते मंगळवारी आणि शनिवारी सकाळी निर्मळहून स्कूटरवर यायचे. मागे दोन क्रेट, पुढे पायाशी केळीच्या पानांत गुंडाळलेल्या पालेभाज्या. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. नाव विचारायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही.

तुमच्याही गेटवर असं कोणी येत असेल, तर जरा नीट बघून ठेवा. शहाणपणा शिकवायला सांगत नाहीये. मी सहा वर्षं त्यांच्यासमोर पिशवी घेऊन उभी राहिले, आणि आता लिहायला बसल्यावर त्यांच्या चष्म्याची काडी कोणत्या बाजूला दोऱ्याने बांधलेली होती तेही आठवत नाही.

तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांनी भेंडी मागितली की काकांचा हात क्रेटवर आणखी घट्ट बसायचा. “शनिवारी भेंडी नेलीत. त्याच्या आधी मंगळवारीही भेंडीच. आज लाल माठ न्या.”

“मला माठ आवडत नाही हो.”

“तुमचं कोण विचारतंय? वहिनींचं रक्त कमी आलंय ना तपासणीत?”

गृहस्थ निमूटपणे माठाची जुडी घेऊन लिफ्टकडे जायचे. वहिनींचं रक्त कमी असल्याचं आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं, काकांना होतं. बायका त्यांना सगळं सांगायच्या.

भाजी देताना ती कशी करायची तेही ते सांगत. घरी ते आपली वाडीतली बोली बोलत असणार. आमच्याशी मात्र जपून, शाळेत शिकवतात तसं मराठी. “आमची ही केळफुलात वाल घालते. वरून ओलं खोबरं. आणि दुधीची साल टाकायची नाही, तिची चटणी होते.” ऐकताना तोंडाला पाणी सुटायचं. एकदा मी विचारलं, “काका, साल किती वेळ परतायची?” तर माझ्याकडे बघतच राहिले. “ते मला काय ठाऊक? मी चुलीपाशी गेलोच नाही कधी. मी नुसतं खाल्लंय.”

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी मोबाइल अ‍ॅप डिझाइन करते. बटण कुठे असावं, केवढं असावं, त्यावर काय लिहावं, यावर मी दिवसाचे आठ तास वाद घालते आणि त्याचा मला पगार मिळतो. आमच्या कंपनीने एक अ‍ॅप करायला घेतलं होतं. लोकांनी पौष्टिक खावं आणि त्या निमित्ताने शेजारीपाजारी एकमेकांना धरून राहावेत, असा हेतू. मी हट्टाने पहिला प्रयोग आमच्याच सोसायटीत करायला लावला, आणि काकांचा प्रश्न जसाच्या तसा उचलला. रोज सकाळी आठला फोन विचारायचा, ‘काल काय जेवलात?’

लोकांनी धडाधड थापा मारल्या. ओट्स काय, सॅलड काय. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ रोज ‘मोड आलेले मूग’ लिहायचे आणि शनिवारी काकांसमोर दोन वडापाव कबूल करायचे. मी वैतागून काकांना म्हटलं, “तुम्हाला बरे सगळे खरं सांगतात.”

“मी मंगळवारी परत येणार असतो ना, बाय.”

अ‍ॅपवर ब्रोकोलीचं चित्र होतं. ते बघून ते म्हणाले, “हे झाड निर्मळमध्ये लागत नाही.” मी मुकाट्याने तिथे पडवळ काढलं. मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजरने विचारलं, हा साप कशाला काढलायस?

मग आम्ही त्यात डब्याची सोय केली. दोन बटणं. एकावर ‘डबा देऊ शकते’, दुसऱ्यावर ‘डबा हवा आहे’. आजारी माणूस, एकटं माणूस, कोणीही दुसरं बटण दाबायचं; पहिलं दाबलेल्यांपैकी कोणीतरी जेवण पोहोचवायचं. मला ही कल्पना फार आवडली होती. काकांच्या फोनमध्ये मी स्वतः ते अ‍ॅप घालून दिलं आणि गेटवरच दाखवलं. त्यांनी फोन लांब धरून वाचलं आणि परत दिला.

“हे दुसरं काढून टाक.”

“का?”

“मागतं कोण? आमच्याकडे घरात बाळंतीण असली, कोणी गेलेलं असलं, की शेजारून टोप येतो. मागावं लागलं तर मग शेजार कसला?”

“इथे शेजारी काय चाललंय ते कळतच नाही, काका. आणि यात नाव दिसत नाही.”

“नाव दिसत नाही?”

“कोणालाच नाही.”

“असं म्हणतेस,” म्हणाले, आणि कोणाच्या तरी पिशवीत वांगी टाकायला वळले.

पहिलं बटण लोकांनी हौसेने दाबलं. सगळ्यांना द्यायचं होतं. दुसऱ्याच्या खाली शून्य. एक महिना गेला, दोन गेले, शून्यच. मॅनेजर म्हणाला, कोणाला गरजच नसेल तर हे कशाला चालवायचं? अजून एक महिना बघू, नाहीतर बंद. मला झोप लागेना. माझी पहिली स्वतःची कल्पना होती ती, आणि ती जगवायला मला एकच उपाशी माणूस हवा होता. हे वाक्य लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच असंच होतं.

त्याच सुमारास काकांची बायको गेली. गणपतीनंतर ताप आला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. तेरावं झाल्यावर काका पुन्हा गेटवर आले. आम्ही बायका गोळा झालो. “जेवणाचं काय करता, काका?”

“शेजारी आहेत ना. निर्मळमध्ये कोणाला उपाशी ठेवतात का?”

आम्हाला हायसं वाटलं. प्रत्येकीला वाटलं असणार. भाजी घेऊन आम्ही वर गेलो. ते अजूनही आडवा हात ठेवून काल काय जेवलात म्हणून विचारायचे. ही असं करते, ही तसं करते, एवढं मात्र बंद झालं.

एका बुधवारी दुपारी मी जेवून उठले आणि लॅपटॉप उघडला. चार वाजता मीटिंग होती. ‘डबा हवा आहे’च्या खाली एक आकडा दिसला. एक. मी खुर्चीतून उठलेच. आत जाऊन बघितलं तर नंबर काकांचा. नाव कोणालाच दिसत नाही असं मी त्यांना सांगितलं होतं. त्या ‘कोणालाच’मध्ये मी स्वतःला धरलंच नव्हतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. आपल्या माणसांनी करून बघताना दाबलेली बटणं मोजायची नाहीत, आधीच पुसून टाकायची. काकांचा फोन माझ्या त्या यादीत होता, कारण अ‍ॅप मी घालून दिलं होतं. तरी खात्री करावी म्हणून फोन लावला. मोठी प्रामाणिक ना मी.

“काका, तुमच्याकडून ते डब्याचं बटण दाबलं गेलंय. चुकून ना?”



“तुला दिसलं होय?”

“हो, मला दिसतं.”

“चुकूनच. बोट लागलं असेल.”

“मग काढून टाकते.”

“काढ, काढ.”

मी तो एक काढून टाकला. चार वाजता मीटिंगमध्ये शून्य दाखवलं. पुढच्या महिन्यात ते बटण गेलं आणि थोड्याच दिवसांत अ‍ॅपही बंद झालं. माझं दुसरं काम सुरू झालं.

काका होळीपर्यंत येत राहिले. शर्ट अंगावर ढगळ व्हायला लागला होता. आम्ही म्हणायचो, काकी गेल्यापासून खंगलेच हो. मग मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली, आणि पावसाळ्यात तिकडेच ते गेल्याचं कळलं.

आता शनिवारी त्यांच्या शेजारच्या वाडीतल्या वहिनी भाजी घेऊन येतात. चांगल्या आहेत. काय मागाल ते देतात. मागच्या महिन्यात त्यांना उन्हाचा त्रास झाला म्हणून मी वर घरी आणलं, चहा केला. बोलता बोलता म्हटलं, “तुम्ही काकांना दोन्ही वेळा जेवायला घालायचात, आम्हाला तेवढाच आधार वाटायचा.”

वहिनी बशी धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

“आम्ही? कधी आणलं तर झाकण उघडू द्यायचे नाहीत. आम्हाला सांगायचे, एव्हरशाईनवाले डबे भरभरून देतात, नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.”

त्या आपल्या सहज सांगत होत्या.

“एकदा तर दुपारी ओट्यावर बसले होते. ताट धुऊन, पुसून, समोर मांडलेलं. पाण्याचा तांब्यासुद्धा भरून ठेवलेला. मी वालाची आमटी घेऊन गेले तर म्हणाले, आज नको गं, आज खरंच डबा यायचाय. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोनवर बोलले आणि उठून ताट आत ठेवून आले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, त्या पोरीला काम लागलं असेल, यायचं राहिलं.”

“मग आमटी?” मी विचारलं.

“नाही घेतली. जेवण झालंय म्हणाले.”

वहिनी गेल्यावर मी कप तसेच ठेवून बसले आणि खूप रडले. आमच्या घरापासून निर्मळ स्कूटरवर अर्ध्या-पाऊण तासाचं. त्या बुधवारी आमच्याकडे वरणभात उरला होता आणि दुधीची भाजी होती. दुधी त्यांच्याच वाडीतला होता, आदल्या दिवशी त्यांनीच निवडून दिलेला.