मोरचुदाचा वाद

आमच्या व्याह्यांइतका निष्णात भांडखोर तेलुगू मुलखाच्या सीमेवर, इचोड्यापासून भैंशापर्यंत, दुसरा झाला नाही, हे माझे विधान आहे. ज्यांना अमान्य असेल त्यांनी खुशाल वाद घालावा, हल्ली मला सवड आहे. ते रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. पिकावर फवारायच्या त्या निळ्या खड्यांना मोरचूद हे नाव कसे पडले, या एकाच प्रश्नावर त्यांचे आयुष्य उभे होते. मूळ शब्द संस्कृत मयूरतुत्थ, मोराच्या गळ्याचा रंग, असे ते म्हणत. कृषी दुकानात शिरून गिऱ्हाइकाला अडवीत, "नीला थोथा काऊन मनून राह्यला? मोराचं नाव घे!" गिऱ्हाईक म्हणे, "मास्तर, पयले पुडी भेटू द्या, मोर मंग पाहू."

माझे मत असे की तेलुगू दुकानदारांचा मैलुतुत्तम बाजारातून आपल्याकडे आला आणि मराठी तोंडात मोरचूद झाला. लग्नाच्या बैठकीतला हा वाद व्याहीभेटीपर्यंत पोचला. साऱ्या मांडवादेखत मला मिठी मारून ते कानात पुटपुटले, "मोर संस्कृतातलाच. मान्य?" मुलीच्या बापाने मान तुकवावी हा रिवाज, मी म्हणालो, "अमान्य." त्या दिवसापासून दर रविवारी पहिल्या बसने ते भैंशाहून माझ्याकडे येऊ लागले. पिशवीत नवा पुरावा, खिशात दोन चष्मे. चहा गार होई, माझी मते होत नसत.

विहीणबाई गेल्या, त्यानंतरच्या रविवारीही ते आले. पिशवी रिकामी होती. मला राहवले नाही. "इवाई, तुमचंच खरं," मी व्याह्यांना म्हणालो. त्यांनी रिकामी पिशवी घडी घालून खिशात ठेवली. "मंग आता मी येऊ कायले?" एवढेच बोलून ते दुपारच्या बसने परतले. पुन्हा आले नाहीत.

मुलगी म्हणते, मामंजींचे गुडघे दुखतात. शेजारी म्हणतात, मानपानात काही उणे राहिले. दोन्ही साफ खोटे. मी फोन करून सांगितले, "माझं मत बदललं, जी. तो मोर-बीर सारा बकवास आहे." पलीकडून थकलेला आवाज आला, "राहू द्या इवाई. दया करून राह्यले तुमी."

मैलुतुत्तमच्या बाजूचे चार मुद्दे अजून मी काढलेलेच नाहीत. ते पक्के आहेत. पण एकट्या माणसाने दोन्ही बाजू किती काळ लढवाव्यात?