सात नंबर स्वयंपाकघरात

डेपोत त्याला सगळे तारमास्तर म्हणत. एकतीस वर्षं बसच्या वायरी जोडण्यात गेली. प्रवाशांनी त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. तो कायम बसखाली.

त्या रविवारी सकाळी त्याने सात नंबर बसचा ठावठिकाणा सांगणारा डबा दुरुस्तीला घरी आणला होता. बस इंजिन उतरवून डेपोत पडलेली. तार जोडली, बॅटरी लावली, हिरवा दिवा लागला. मास्तर खूश.

पंधरा मिनिटांत बेल वाजली. दारात एक निवृत्त मुख्याध्यापिका.

"सात नंबर इथेच ना?" बाईंनी फोन पुढे केला. नकाशावर बस मास्तरच्या स्वयंपाकघरात उभी होती. थांब्यावर कंटाळलेले लोक नकाशा बघत बसकडे चालत येत होते. पाठोपाठ एक शिंपी आला, दोन नर्स आल्या. बायकोने खुर्च्या मांडल्या.

"अहो, बस नाही, डबा आहे!" मास्तर काकुळतीला आला. "पूर्वी फोन घडीघडी विचारायचा, बस कुठाय? आता विचारावंच लागत नाही. डब्यापासून तुमच्या फोनपर्यंतची वाट सारखी उघडी. डबा हलला की तत्क्षणी सगळ्यांना कळतं. अँब्युलन्स, पार्सल, मॅचचा स्कोअर, सगळं असंच चालतं."

"म्हणजे फोन खरं बोलतोय," बाई म्हणाल्या. "मग बस काढा."

"डबा बंदच करतो."

"खबरदार! चाळीस मिनिटं ताटकळलोय आम्ही."

मास्तरने नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "काका, बस तुमच्या ओट्याजवळ दिसतेय. पुढे घ्या."

"अगं, बस नाहीये!"

"मग जे आहे ते पुढे घ्या. उशीर होतोय."

झक मारत मास्तरने डबा पिशवीत घातला आणि निघाला. मागे रांग. प्रत्येक थांब्यावर तो थांबला, फोनवर 'बस आली' उमटलं, माणसं वाढली. आपण पिशवीमागे का चालतोय, हे कुणी विचारलं नाही. शिंपी दुकानापाशी 'उतरला' आणि म्हणाला, "एवढं जवळ होतं होय!" नर्सना दवाखान्यापर्यंत सोडलं. बाईंचा गुडघा दुखत होता, म्हणून मास्तरने त्यांची पिशवीही घेतली. शेवटच्या थांब्यावर बाई म्हणाल्या, "ब्रेक फार छान लावता हो."

मास्तर लाजला. एवढ्या वर्षांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. मास्तर मेमोच्या तयारीने गेला. साहेब कागद बघत म्हणाले, "रविवारी सात नंबरची एकही तक्रार नाही. ड्रायव्हर कोण होता?"

"मीच, साहेब," मास्तर म्हणाला, आणि पुन्हा बसखाली शिरला.