येण्याचे पैसे

आमच्या बरकतपुऱ्यातल्या इमारतीत विजेचं मीटर वाचायला येणाऱ्यांना सगळे नुसतं भाई म्हणतात. आकडा आधी मोठ्याने म्हणायचा, मगच यंत्रात टाकायचा, ही त्यांची पद्धत. बिल हातात देताना ओळ न् ओळ नख ठेवून समजावतात, समोरचा कितीही घाईत असो.

तळमजल्यावरच्या काकू एकट्याच राहतात. महिनाभर त्या लेकीकडे होत्या, घराला कुलूप होतं, तरी बिलात स्थिर आकार होताच. काकूंना वाटलं, हे भाईंचे येण्याचे पैसे. "मी घरी नव्हते, मग आलात कायकू?" त्या तडकल्या.

भाई चिडले नाहीत. "अम्मा, आप नै थे, मगर तार तो खडीच थी." मग बिलाकडे बघत म्हणाले, "पर एक पंखे को इत्ता लोड?"

काका असताना घरात दोन एसी होते. तेव्हा मंजूर झालेला लोड तसाच राहिला होता आणि आकार त्यावरच लागत होता. मी इंजिनियर, पण ती ओळ कधी वाचली नव्हती. भाईंनी पायरीवर बसून लोड कमी करायचा अर्ज लिहिला, काकूंची सही घेतली आणि ऑफिसात स्वतः नेऊन दिला.

पुढे आकार उतरला, तशा काकू अस्वस्थ झाल्या. "माझ्यासाठी स्वतःचे पैसे कशाला कमी केले, भाई?"

मी समजवायला तोंड उघडलं, तर भाईंनी मला हातानेच थांबवलं.

"चाय पिला देव अम्मा, बराबर हो जाता."