न भिजवलेलं कापड

हे शकूला ठाऊक नाही. तिच्या वडिलांनाही नव्हतं, ते तसेच गेले. शेजारीण, बहीण, देव — कुणापुढे मी हे बोललेले नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. तरी तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे.

गोष्ट एका फ्रॉकची आहे. हसू नका.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. आम्ही ठाकुर्लीला रेल्वेच्या चाळीत राहत होतो. शकू माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची. मी तिला वेळेवर खायला घालायची, वेणी घट्ट घालायची, ताप आला तर उशाशी बसायची. वाईट आई नव्हते — असं मीही पुष्कळ वर्षं धरून चालले.

आमचे हे अबोल. म्हणजे माझ्याशी. ड्यूटीवरून आले की "पाणी" आणि "वाढ", एवढीच भाषा. शकूशी मात्र तासन्‌तास. तिला मास्तरणीची नक्कल करायला लावायचे आणि पोट धरून हसायचे. मी शेगडीपाशी बसून ऐकायची. लग्नाला तेरा वर्षं झालेली — माझ्या एका तरी बोलण्यावर हा माणूस तसा हसला होता का? आईनं पोटच्या पोरीचा हेवा करावा का? करू नये. मी करत होते.

त्या दिवाळीला हे म्हणाले, "शकूचं कापड घ्यायला तिलाच घेऊन जा. तिला आवडेल ते घे. तू मध्ये बोलू नकोस."

तिला आवडेल ते! माझं लग्नाचं लुगडं सासूनं निवडलं. पुढची सगळीही तिनंच. ती गेल्यावर हे आणायचे, दोन वर्षांतून एकदा, तेच मातकट रंगाचं, मळ दिसत नाही म्हणून. मला काय आवडतं हे कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगू का — विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आम्ही कल्याणच्या बाजारात गेलो. फाळणीनंतर छावणीत आलेल्या एका सिंधी माणसानं तिथं दुकान मांडलं होतं. शकूनं तीन तागे नुसते बोटानं बाजूला सारले. चौथ्यावर हात ठेवला. फिकट आकाशी सुती कापड, त्यावर पांढरी बारीक फुलं.

"हे," ती म्हणाली. बस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुकानदार म्हणाला, "बेबीची नजर चांगली आहे, बाई. तुमच्यासाठी काय काढू? बोला, कोणता रंग?"

तीस वर्षांची बाई, मला एक रंग सांगता येईना. शकू हसत म्हणाली, "अहो, आईला मातकटच लागतो." ती चेष्टेनं म्हणाली. दुकानदारही हसला. मला तिथंच तिचा इतका राग आला — अजून आठवला की कान तापतात.

आता तुम्हाला एक सांगायला हवं. तेव्हाचं कोरं सुती कापड पहिल्या पाण्याला आखडायचं. म्हणून घरी आणलं की ते रात्रभर भिजत घालायचं, वाळवायचं, मगच शिंप्याकडे द्यायचं. प्रत्येक बाईला हे ठाऊक असायचं. आणि वाढत्या मुलीचा फ्रॉक अंगापेक्षा मोठाच शिवायचा, शिवणीत कापड राखायचं, म्हणजे पुढं उसवून वाढवता येतं.

विसरले, असं म्हणता आलं असतं. विसरले नव्हते. मी बादली भरली होती. कापड हातात होतं. ते मी पुन्हा घडी करून पिशवीत ठेवलं आणि त्या पाण्यात यांचा शर्ट धुतला.

शिंप्यानं विचारलं, "वहिनी, कापड भिजवलंय ना?"

मी म्हटलं, "हो."

वर सांगितलं, "अंगाबरोबर बेता. आत कापड ठेवू नका, जाड दिसतं." तो म्हणाला, "सहा महिन्यांत मला शिव्या द्याल." मी म्हटलं, "नाही देणार."

दिवाळीच्या पहाटे शकूनं फ्रॉक घातला. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू? हे म्हणाले, "अगं, बघ तरी, कोण मडम आलीय घरात!" मी करंज्या मोजून डब्यात भरत होते. भरत राहिले.

आठवड्यानं फ्रॉक धुतला. मीच धुतला. शकूनं घालायला घेतला तर छातीवर बटणं लागेनात. ती ओढत होती, श्वास आत घेत होती. "आई, कापड आखडलं का गं?"

हे समोर बसले होते.

मी म्हटलं, "मी कापड भिजवल्याशिवाय देते का कधी? कापडाला काही झालेलं नाही. तूच सुटलीस. बाई व्हायची घाई झालीय तुला."

अकरा वर्षांची होती ती. काडीसारखी. यांनी मान खाली घातली, चपला घातल्या आणि बाहेर गेले. त्यानंतर शकूला जवळ बसवायचे नाहीत. मुलगी मोठी झाली, असं त्यांनी मनाशी घेतलं. नकला बंद, हसणं बंद. मला हवं होतं तेच झालं. माझ्याकडे त्यातलं काही आलं नाही. येणार नव्हतं हेही मला ठाऊक होतं.

शकू खांदे पाडून चालायला लागली. भाकरी अर्धी टाकायला लागली. शिंप्याकडे माप द्यायला म्हणून जाईना, "तूच सांग, आई" म्हणायची. रंगही मीच निवडायला लागले. तिनं माझ्यावर कधी संशय घेतला नाही. का घेईल? मी कापड भिजवते, हे तिला ठाऊक होतं. बिघाड तिच्या अंगातच आहे, हे तिला पटलं.

मी सांगू शकत होते का? रोज. तिच्या लग्नाआधी, बाळंतपणात, हे गेल्यावर आम्हा तिघांतल्या दोघीच उरलो तेव्हा.

शकूची मुलगी बारा वर्षांची झाली, तेव्हा आम्ही तिघी डोंबिवलीला कपडे घ्यायला गेलो. नातीला एक फ्रॉक नीट बसला होता. शकूनं तो काढायला लावला. दुकानातल्या बाईला म्हणाली, "दोन नंबर मोठा द्या. आमच्या घरात मुली लवकर सुटतात. मीही तशीच होते, आईला विचारा."

नातीचं तोंड उतरलं. ती माझ्याकडे बघायला लागली — आजी काहीतरी बोलेल म्हणून.

मी मान हलवली. होकाराची.